मखरातलं मिग

गणपतीला लवूदादा मुंबईहून आला की घर त्याचं होई. उरलेलं वर्षभर ते रूपेशकडे असे. रूपेश त्याचा धाकटा भाऊ, देवरूखच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. गावच्या घरात एकटाच राहायचा आणि संध्याकाळी माडीवर बसून विमानांची मॉडेलं बांधायचा.

दादाला त्याचा भारी राग. "चाळिशी आली. बायको नाही, पोर नाही, आणि हा खेळण्यांना रंग लावतोय," असं तो आल्यागेल्याला सांगे. त्याची बायको मथुरावहिनी रंगाचा वास येतो म्हणून माडीचं दार ओढून घेई. रूपेश कधी उलटून बोलला नाही.

यंदा त्याचं मिग-२१ पुरं झालं होतं. जोडाच्या फटी पुट्टीने बुजवायच्या, घासायच्या, पुन्हा बुजवायच्या. दमट हवेत रंग वाळेना, म्हणून मॉडेल बल्बच्या उबेत ठेवायचं. पंखांवरची तिरंगी वर्तुळं चिमट्याने बसवताना त्याने श्वास रोखून धरला होता.

चतुर्थीला संध्याकाळी तो वाडीतल्या आरत्या करून घरी आला. मखरात कापसाचे ढग होते आणि ढगांखाली त्याचं मिग तंगुसाच्या बारीक दोऱ्यांवर लटकत होतं. दाभण तापवून पंखांना आरपार भोकं पाडली होती. कडेचं प्लॅस्टिक वितळून काळं पडलं होतं.

"दादा, हे कोणी केलं?"

"मी. सैनिकांचा देखावा आहे यंदा. फोटो टाकला तर सगळे विचारतायत, कुठून आणलं म्हणून."

"मला विचारायचंस."

"माझ्या बापाच्या घरात मी तुला विचारू?"

आरतीला वाडीतली माणसं जमत होती. रूपेशने कात्री आणून एक दोरी कापली. दादाने त्याचं मनगट पकडलं.

"देवापुढचं काढतोस? लाज नाही वाटत?"

"सोड, दादा."

रूपेशने दुसरी दोरी कापली. दादाने विमानाला हिसका दिला. कट्कन आवाज झाला आणि शेपूट रूपेशच्या हातात राहिलं. उरलेलं दादाने दारापुढच्या खळ्यात भिरकावलं.

"जा, उचल तुझं पोर!"

मग कोणीतरी घाईने टाळ वाजवायला सुरुवात केली. रूपेश चिखलातून तुकडे वेचत राहिला.

विसर्जनापर्यंत त्याने देवाचं सगळं केलं, पण दादाशी एक शब्द बोलला नाही. निघताना दादा नेहमीसारखा हुकूम देऊ लागला, "कापणीला माणसं बघून ठेव. न्हाणीवरची कौलं..."

"मी इथे राहत नाही आता," रूपेश म्हणाला.

दादा हसला. रूपेशने देवरूखला खोली घेतली, घराला कुलूप लावलं आणि किल्ली कुरियरने मुंबईला पाठवली.

मग फोन सुरू झाले. आधी दादाच्या शिव्या. पुढे भात शेतात आडवं पडलं, माकडांनी कौलं फोडली, तेव्हा वहिनीचा रडवा आवाज. "भावोजी, एवढ्याशा विमानापायी घर मोडायचं?"

"वहिनी, तुमच्याशी माझं भांडण नाही. पण फोन करू नका."

खोली कोंदट होती. माडीची त्याला आठवण येई, आणि आली की दादावरचा राग दुप्पट होई. कितीतरी दिवस त्याला नव्या मॉडेलचं खोकं फोडावंसं वाटलं नाही. कॉलेज सुटल्यावर स्टँडवर गावची एसटी लागलेली दिसे. कंडक्टर ओळखीचा होता, तो हाक मारी. रूपेश मान हलवून पुढे चालू लागे.