जाड लोकर

एकतीस वर्षं मी एकच काम केलं: विमानांच्या लाकडी नमुन्यांवर बोटभर लांबीचे लोकरीचे धागे चिकटवले. नमुना वाऱ्याच्या बोगद्यात टांगायचा, टोकाचा दुमजली पंखा सुरू करायचा आणि काचेतून बघत बसायचं. धागे मागे झोपले, तर वारा सुरळीत. एखादा उलटा फिरला, तर तिथे वाऱ्याने विमानाची साथ सोडली. माझा धाकटा भाऊ वैमानिक. चिडवायचा, "ताई, तुझी नोकरी म्हणजे टकल्याला केस लावणं!" मेला, हसवायचा मात्र.

आजोबांच्या पिढीने बांधलेला तो बोगदा उद्यापासून बंद. संग्रहालय होणार म्हणे. आज शेवटचा वारा, म्हणून साहेबांनी विचारलं, "बाई, कुठला नमुना लावू?" साहेब म्हणजे आमचे फुटपट्टी. खिशात कायम पट्टी, बोलणंही तेवढंच सरळ. मी वरच्या फळीवरचा एक नमुना दाखवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्या बनावटीचं पहिलं विमान माझ्या भावाने उडवलं होतं. उतरताना वळला, डावा पंख खाली गेला, संपलं. चौकशीत लिहिलं, चूक वैमानिकाची. मेलेला माणूस उलट बोलत नाही ना! आई तोच कागद उशाशी घेऊन गेली.

आता ऐका, बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही ते. त्या उड्डाणाच्या महिनाभर आधी हाच नमुना आम्ही वाऱ्यात धरला होता. भांडारातली बारीक लोकर संपलेली. मी माझ्या पिशवीतली जाड लोकर कापली. धाकट्यासाठी स्वेटर विणत होते ना, त्यातली. डाव्या पंखाच्या मुळाशी चार धागे उलटे फिरले. फुटपट्टींनी विचारलं, "दोष पंखाचा की लोकरीचा?" भलतीच लोकर लावली म्हणून मी आधीच ओशाळले होते. म्हटलं, "लोकर जाड आहे साहेब, तिचंच ते." मला खरंच तसं वाटलं होतं का, देव जाणे. माझ्या शब्दावर त्यांनी तसंच लिहिलं. बारीक लोकर येईपर्यंत नमुना फळीवर गेला होता.

आज मी बारीक लोकर लावली. एकही धागा वाकडा जाऊ दिला नाही. धागे उलटे फिरले, तर भाऊ सुटला आणि मी अडकले. नाही फिरले, तर मी सुटले. असल्या सुटकेला काय जाळायचंय?

पंखा फिरला, पायाखालची जमीन हादरू लागली. उतरताना विमान करतं तसा नमुना नाक वर करू लागला. फुटपट्टी अंश मोजत होते. दहा. बारा. चौदाला एक धागा उठला, मग बाकीचे तीन. चारही उलटे, त्याच जागी.

फुटपट्टींनी चारही धागे पुन्हा मोजले. "बाई, जाड लोकर खरं सांगत होती."

"सांगत होती हो. मीच तिचं तोंड दाबलं."

मला रडू आवरेना. भाऊ निर्दोष होता, आणि हे सांगायला घरात आता कुणी उरलं नव्हतं.

त्यांनी नोंदवही उघडली. 'चूक वैमानिकाची नाही,' असं लिहून थांबले. "पुढे?"

"पुढे आपल्या दोघांची लिहा," मी म्हटलं. "आधी माझी."

त्यांनी लिहिलं. सवयीने पट्टी काढून खाली रेघ मारली. ती वाकडी आली.