फुलचंदचा ठेला अन् भूमिपुत्रायची सभा

बोरी अरबच्या बाजारात अभिषेकभाऊची सभा होती, 'बाहेरचे हटाव, गाव बचाव'. मंडप भारी, खुर्च्या लाल, अन् खुर्च्यायवर मानूस एक नाही! एक कुत्रं होतं, तेबी सावलीसाठी आलतं.

मानसं होते ना! माह्या बांगड्यायच्या दुकानाशेजारी, फुलचंदच्या गुपचूपच्या, म्हंजे पानीपुरीच्या ठेल्यावर. मानसावर मानूस. हा फुलचंद तिकडला, बिहारचा. गुपचूप विकता विकता इथंच संसार थाटला, आता आपल्याहून भारी वऱ्हाडी बोलते. अन् सभा त्यालेच हाकलायची होती. ठराव पास झाला का त्याचा ठेला बाजारातून बंद.

"विमलताई, काय होईन वो?" सकाळपासून इचारत होता बिचारा.

"काही नाही होत रे," म्हणलं मी. "ज्यायले तू खाऊ घालतं, ते तुले हाकलतीन?"

भाऊनं पोट्टे धाडले. पोट्ट्यायनं ठेला ढकलत पार शाळेच्या भिंतीपर्यंत नेला. झालं, गर्दीबी ठेल्यामागं गेली! भाऊचं तोंड पाह्यासारखं झालतं. यवतमाळवरून फोटोवाला आलता, वरचे नेते गर्दी पाहून तिकीट देनार. मंग काय, गरजवंताले अक्कल नसते. "आना बे तो ठेला मंचापुढं!"

"भाऊ, मंग पुढंबी इथंच लावू का?" फुलचंदनं इचारलं.

"आजच्यापुरतं," भाऊ म्हने.

गर्दी जमली. भाऊ माईकवर गरजले, "भाइयो और बहनो! हे बाहेरचे लोक आपल्या तोंडचा घास पळवून राह्यले!" साऱ्यायच्या तोंडात फुलचंदच्या पुऱ्या, अन् माना हालवून राह्यले. मले तर हसू आवरेना.

"ज्यायले ठराव मंजूर हाय, त्यायनं हात वर करा!"

जरा चुळबुळ झाली. एकानं दुसऱ्याकडं पाह्यलं. अन् माय वो, एका हातात पुरीचा पानाचा दोना धरून लोकायनं दुसरा हात वर केला! फुलचंदच्या अगदी नाकापुढं. माहं हसू तिथंच जिरलं. एक जन तर म्हने, "भाऊ, पुढच्या बाजारापासून लागू करा, माह्या दोन पुऱ्या बाकी हायेत."

फुलचंदनं साऱ्यायकडं एकदा पाह्यलं. मंग मडक्यावर झाकन ठेवलं, पुऱ्यायवर कापड टाकलं.

"काहून रे? आमची फुकटची सुकी पुरी?" एक बाई ओरडली.

"संपलं," तो म्हने.

टोपलं अर्धं भरेल होतं. साऱ्यायले दिसत होतं.

मंग जे लोक खवळले, बाप्पा! "पाहा, मस्ती पाहा! आपल्या गावात राहून आपल्यालेच नाही म्हनते!" "माजले हे लोक!" भाऊले तर हत्तीचं बळ आलं. "बघा! मी हेच तं सांगून राह्यलो!"

तवा कुठं टाळ्या वाजल्या. हात रिकामे झालते ना.