धुरपदाबाईंचा राहिलेला हात

नखं कापताना 'टक्' असा आवाज येतो ना, तो माझा. मी नेलकटर. बोटभर लांबीचा, वर दाबायची पट्टी, पोटात एक छोटी घासणी. गेली सहा वर्षं माझा मुक्काम जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात आहे.

मला घडवलं तो कारखाना कुठं होता, ते मला माहीत नाही. आठवतो तो यंत्राचा दणका, आणि मग पुठ्ठ्याच्या कार्डावर आम्हा बारा भावंडांना ओळीनं अडकवलेलं. त्या कार्डासकट आम्ही मुख्तारभाईंच्या हातगाडीवर आलो. मुख्तारभाई कटलरीचा माल विकतात. कंगवे, पिना, आरसे, केसांची रबरं. बाजाराच्या दिवशी सावद्यात, एरवी बोदवडला, यात्रेत मुक्ताईनगरला. एकेक करून माझी अकरा भावंडं गेली. मी मात्र राहिलो, कारण माझी पट्टी जरा घट्ट होती. गिऱ्हाईक दाबून बघायचं आणि परत ठेवून द्यायचं.

शेवटी मुख्तारभाईंची मुलगी अफरीन हिनं मला उचललं. "अब्बा, हा मला द्या. घट्ट आहे तोच नीट कापतो."

अफरीननं बारावीनंतर फैजपूरला पार्लरचा क्लास केला होता. घराच्या पुढच्या खोलीत तिनं एक खुर्ची, एक पाट आणि एक टब मांडला. तिच्या डब्यात मी, कागदी घासण्या, मऊ ब्रश आणि खोबरेल तेलाची बाटली असे एकत्र राहू लागलो.

माणसं तोंडानं जे सांगत नाहीत ते त्यांची नखं सांगतात, हे मला त्या खोलीत कळलं. परीक्षा जवळ आली की मुलींची नखं कुरतडलेली असत. काही बायका शनिवारी माझ्याकडं बघायच्याही नाहीत, काहींना दिवेलागणीला मी चालत नसे. शुक्रवारी सकाळी, नमाजाआधी, मात्र गल्लीतल्या निम्म्या घरांतून मला बोलावणं येई. भांडी घासणाऱ्या बाईची नखं थराथरांनी सुटलेली असत. आणि सावद्यात जिचं शेत केळीचं, तिची नखं काळी. केळीचा चीक एकदा नखाच्या कडेला शिरला की साबणाला दाद देत नाही.

पहिल्या वर्षी अफरीन प्लास्टिकची नखंही चिकटवून द्यायची. नूतन नावाच्या मुलीनं चुलतभावाच्या लग्नासाठी ती लावून घेतली. चौथ्या दिवशी ती एक नख ओढून काढायला गेली, आणि त्यासोबत तिच्या स्वतःच्या नखाचा पापुद्राही निघाला. पाण्यात बोट घातलं तरी ती कळवळायची. अफरीन महिनाभर तिच्या बोटांना तेल लावत होती. तेव्हापासून तिनं चिकटवायची नखं डब्यातून काढून टाकली. आहे त्या नखालाच जपायचं, हा तिचा नियम झाला. कोमट पाण्यात हात भिजवायचे, नखं सरळ कापायची, घासणी एकाच दिशेनं फिरवायची, मुळाशी असलेली कातडी कापायची नाही, तेल लावून ती हलकेच मागं सारायची. एवढंच.

दोन वर्षांपूर्वी, थंडी नुकतीच सरत असताना, भूमिका नावाची मुलगी तिच्या आईला घेऊन आली. भूमिकाचा साखरपुडा बारा दिवसांवर आला होता. मुलगा मुक्ताईनगरचा, योगराज. आई धुरपदाबाई, पंचेचाळिशीच्या. त्या आणि त्यांचे यजमान जीवरामनाना दोघं मिळून केळी करतात.

"हिचे हात बघ गं अफरीनताई," भूमिका म्हणाली. "पाहुण्यांसमोर ही अशी ओवाळणार?"

"मले काय नटायचं आहे?" धुरपदाबाई हसल्या. "तू त्या चिकटवायच्या नख्या लावून दे. बारा दिवसांनी काढून टाकू."

"त्या मी ठेवत नाही, काकू. आधी हात तर द्या."

अफरीननं त्यांचा डावा हात कोमट पाण्यात बुडवला. मग तेल, लिंबाची फोड, मऊ ब्रश. चीक हळूहळू सुटत गेला. मी एकेक नख कापत होतो आणि मला नवल वाटत होतं. शेतात राबणाऱ्या बाईचं नख कठीण असतं, 'टक्' असा खणखणीत आवाज येतो. इथं आवाजच येत नव्हता. नख कागदासारखं होतं. काळा थर गेल्यावर खालचा रंगही दिसला. गुलाबी नाही, तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका. आणि नख मधून दबलेलं, कडा वर आलेल्या. छोट्या चमच्यासारखं.

अफरीनच्या ओल्या बोटावरून पाण्याचा एक थेंब अंगठ्याच्या त्या नखावर पडला. तो ओघळला नाही. तिथंच बसून राहिला.

"अम्मी, जरा इकडं ये," अफरीननं हाक मारली.

तिची आई खातून पदराला हात पुसत आली. नख बघून तिचा चेहरा बदलला. "अक्का, ही अफरीन पोटात होती तेव्हा माझी नखं अशीच झाली होती. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही. तुम्हाला चालताना दम लागतो का?"

"वय झालं. दम लागंलच की."

"माती, कच्चे तांदूळ, असं काही खावंसं वाटतं?"

धुरपदाबाईंनी नजर टबाकडं वळवली. भूमिका मात्र बोलून गेली. "मम्मी पाटीची पेन्सिल खाते. डबीत लपवून ठेवते. मी पाहिलंय."

मुलीनं चारचौघांत असं बोलावं, हे त्या माउलीला लागलं. त्यांनी हात अफरीनच्या हातातून ओढला, तसा टब हलला. पाणी सांडलं. "मी नखं करायले आली होती, का दवाखान्यात आली होती? तुले नख्या लावायच्या नही, तर नको लावू. सावद्यात पार्लर काई एकच नही."

"काकू, लावल्या तर हे झाकलं जाईल. मग ते तुम्हालाही दिसणार नाही, कुणालाच दिसणार नाही."

पण त्या निघाल्या होत्या. डावा हात स्वच्छ, उजवा काळा, तशाच.

त्या दिवशी अफरीन जेवली नाही. आपण फार बोललो का, असं तिनं आईला दोनदा विचारलं. खातून म्हणाली, "तू बरोबर बोललीस. पण आपण चार लोकांत बोललो."

तिसऱ्या दिवशी दुपारी अफरीननं मला, तेलाची बाटली आणि ब्रश पिशवीत टाकलं, गरम पाण्याचा थर्मास घेतला आणि ती थेट जीवरामनानांच्या शेतात गेली. मी पहिल्यांदाच केळीच्या बागेत शिरत होतो. आत सावली, ओल आणि वाळक्या पानांची खसखस. बांधावर धुरपदाबाई बसलेल्या होत्या. शेजारी कापलेल्या पानांचा भारा पडला होता. तो उचलायला गेल्या आणि खालीच बसल्या, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ओठ पांढरे पडले होते.

अफरीनला बघून त्यांनी मान वळवली. "काहून आली?"

"एकच हात झालाय, काकू. दुसरा राहिलाय. असं अर्धं काम मी टाकत नाही."

धुरपदाबाईंनी हात पदराला पुसला. मग त्यांनी उजवा हात पुढं केला.

अफरीन वाफ्याच्या कडेला मांडी घालून बसली. थर्मासच्या झाकणात एकेक बोट बुडवत तिनं कामाला सुरुवात केली. या वेळी तिनं काहीच विचारलं नाही. मी हळू चालत होतो. तिसऱ्या बोटाशी आल्यावर धुरपदाबाईच बोलू लागल्या.

"वरीस झालं, पोरी. पाळी आली की दहा-बारा दिवस थांबत नही. कापडावर कापड बदलते अन् कामाले लागते."

"नानांना सांगितलं?"

"पोरीचं ठरू राह्यलं. अशा वेळी घरात आजारपण काढायचं? तिकडल्या लोकांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील, आईले काय झालं, पोरीलेही तेच आहे का? एकदा साखरपुडा होऊ दे, मग पाहू."

"आणि तोवर तुम्ही अशाच कुठं पडलात तर?"

तेवढ्यात खसखस झाली. केळीच्या पानांमागं जीवरामनाना उभे होते. पाणी सोडून परत येताना त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं. ते पुढं आले, उकिडवे बसले.  त्यांनी बायकोचा हात हातात घेतला आणि अंगठ्याचं नख उन्हाकडं धरून पाहिलं.

"सत्तावीस वर्षं झाली," ते म्हणाले, "केळीचं पान पिवळं पडलं तर मले बांधावरून दिसतं. हे मले दिसलं नही." मग अफरीनकडं बघून म्हणाले, "पोरी, तेवढं एक बोट राह्यलं, ते करून घे. आपण लगेच निघू."

त्याच दुपारी ते तिघं दवाखान्यात गेले. मी पिशवीत होतो. तपासणीत रक्त पाचावर आलेलं निघालं. बारा हवं, तिथं पाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय किती दिवस ताण सोसतंय कुणास ठाऊक, आजच जळगावला न्या. तिथलं मी मागाहून ऐकलं. त्यांना रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. गर्भाशयात गाठी निघाल्या. औषधं सुरू झाली.

साखरपुडा पाच दिवसांवर आला होता. पाहुण्यांना काय सांगायचं, यावर घरात कुजबुज सुरू झाली. भूमिकानं ती थांबवली. तिनं स्वतः योगराजला फोन लावला आणि सगळं जसं आहे तसं सांगितलं. "तुमचं मन बदललं तर आत्ताच सांगा," असंही म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी योगराज आणि त्याची आई जळगावच्या दवाखान्यात हजर झाले. त्या बाई धुरपदाबाईंच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या बहिणीनं असंच लपवलं होतं हो. तिच्या वेळी आम्हाला कळलंच नाही. तुमचं कळलं, हे चांगलं झालं. साखरपुडा होईल की, तुम्ही उभ्या राहा आधी."

अफरीन भेटायला आली तेव्हा तिनं मला धुरपदाबाईंच्या उशाशी ठेवलं. "हा राहू द्या तुमच्याकडं. माझ्याकडं नवीन आलाय." त्या दिवसापासून मी जीवरामनानांच्या घरचा झालो.

साखरपुडा दीड महिन्यानं झाला. सकाळी अफरीननं आईचे आणि मुलीचे हात सारख्याच निगुतीनं केले. धुरपदाबाईंच्या नखांना तिनं फिका गुलाबी रंग लावला, फक्त डावा अंगठा उघडा ठेवला. "हा बघत राहायचा, काकू. खालून चांगलं नख वर येताना दिसेल." नऊ रंगवलेली बोटं आणि एक उघडं, अशा हातांनी त्यांनी जावयाला ओवाळलं. कुणीही काही विचारलं नाही.

पुढं पावसाळ्यानंतर त्यांचं ऑपरेशन झालं. लोहाच्या गोळ्या सुरूच होत्या. पेन्सिलीची डबी त्यांनी स्वतःच उकिरड्यावर टाकली.

उजव्या हाताची नखं त्यांना डाव्या हातानं नीट कापता येत नाहीत. ते काम आता जीवरामनाना करतात. दर पंधरा दिवसांनी, न्याहारी झाल्यावर, ओट्यावर बसून. सुरुवातीला ते मला कोयत्यासारखं धरायचे. धुरपदाबाई ओरडायच्या, "अहो, बोट आहे ते!" आता सरावलेत. प्रत्येक नख उजेडात धरतात, दाबून बघतात, रंग परत येतो का ते पाहतात, मग कापतात. खोलगट भाग दर वेळी टोकाकडं सरकत गेला. एके सकाळी त्याचा शेवटचा तुकडा माझ्या दातांत आला. खालचं नख सपाट होतं, गुलाबी होतं, आणि कापताना आवाज आला, 'टक्'. नाना थबकले. "ऐकलं का?" त्यांनी विचारलं. धुरपदाबाईंनी पुढचं बोट त्यांच्यापुढं धरलं. त्यांचे डोळे भरले होते.

आता माझी धार गेली आहे. पट्टीची पिन सैल झाली आहे, मुलामा उडून आतलं लोखंड दिसतंय. भूमिकानं माहेरी येताना नवा कोरा नेलकटर आणला, पण नानांनी तो तिलाच परत दिला.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात अशी एक बाई असेलच, जी सगळ्यांचं बघते आणि स्वतःचं कुणाला सांगत नाही. तिला काय होतंय असं विचाराल तर ती 'काही नाही' म्हणेल. म्हणून विचारू नका. नखं कापायच्या निमित्तानं तिचा हात हातात घ्या, उजेडाकडं धरा, आणि जरा वेळ सोडू नका.