झाकण नसलेला डबा

झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव – ‘सौ. मालतीस, मामांकडून’ – त्यातला शेवटचा ‘न’ झिजून गेलेला, आणि आत आन्याचे केसांचे रबर, दोन सेफ्टी पिना, एक संपलेली बॅटरी... सुनेत्रानं ते झाकण ड्रॉवरमधून काढून लॅपटॉपशेजारी ठेवलं. स्क्रीनवर कुरिअरवाल्यांनी पाठवलेला फोटो होता : तिच्या आईचा स्टीलचा डबा, तोंडाला हिरव्या पातळाचा तुकडा, सुतळीची गाठ सोडून अर्धा बाजूला सारलेला. खाली कस्टम्सचा शेरा. पिवळी पूड, ओळख पटत नाही. आज पाचपर्यंत सर्व घटक लिहून कळवा, अन्यथा माल नष्ट करण्यात येईल.

मेतकूट नष्ट करणार! तिला हसू आलं आणि लगेच विरलं. दोन वर्षांत आईनं पाठवलेली ही पहिली वस्तू, आणि तीसुद्धा न सांगता.

बाबा गेल्यावर आईनं सांगलीचा फ्लॅट विकावा, इथं अमेरिकेत, पार्सिपनीला येऊन राहावं, म्हणून ती महिनाभर मागं लागली होती. आई हटली नाही. आणि निघायच्या दिवशी सुनेत्रा बोलून गेली – मग माझ्याकडून कसलीच अपेक्षा ठेवू नकोस. आईनं बॅगेत मेतकुटाचा डबा तेवढा सरकवला. इथं ते मेतकूट संपलं, आणि आईच्या शेजारच्या इलामावशी इथल्या लेकीकडचा मुक्काम आटोपून सांगलीला निघाल्या, तेव्हा सुनेत्रानं डबा घासूनपुसून त्यांच्या हाती दिला. रिकामा.

कुणाची वाटीसुद्धा रिकामी परत करू नये, निदान चमचाभर साखर घालावी, हे मी ज्या घरात शिकले त्याच घरी रिकामा डबा धाडला... आणि चुकून नाही, साखर हाताशीच होती. चुकून राहिलं ते झाकण. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पालथं दिसलं तेव्हा मावशींचं विमान गेलेलं होतं. त्यानंतर दिवाळीला आणि वाढदिवसाला मेसेज, खाली एक फूल, बस्स.

“इज दॅट डर्ट?” नऊ वर्षांची लेक आन्या तिच्या खांद्यावरून डोकावली.

“मेतकूट आहे ते. भातावर खायचीस तू.”

“ओह, येलो राइस! आय लव्ह्ड दॅट. व्हॉट्स इन इट?”

तेच तर. सुनेत्रानं फॉर्म उघडला. हरभरा डाळ, उडीद डाळ, हळद, हिंग... पुढे गाडी अडली. इंटरनेटवर डझनभर कृती होत्या आणि एकीचं दुसरीशी पटत नव्हतं. त्यातली कुठलीही एक उतरवली असती तरी कस्टम्सवाल्यांना काय कळणार होतं! पण आईच्या डब्याबद्दल परक्या बाईची यादी द्यायची तिची छाती होईना. म्हणजे फोन करायचा. इथले साडेअकरा म्हणजे तिकडचे नऊ, आणि नऊला आई झोपते. तिनं एक मीटिंग उरकली, भांडी लावली, उगाच फ्रिज पुसला... काम पडलं तेव्हा बरी आठवले, असं आई म्हणेल. म्हणू दे. खोटं थोडंच आहे. तिला भीती वाटत होती ती आई काहीच न बोलण्याची.

अकरा वीसला तिनं फोन लावला, आणि नमनाला घडाभर तेल न घालता म्हणाली, “आई, मेतकुटात काय काय घालतेस?”

तिकडे टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

“का गं? पोचलं नाही?”

“कस्टम्सनी अडवलंय. ही पूड कसली म्हणून विचारतायत.”

“पूड? डोळे फुटले का मेल्यांचे!” आई कडाडली, आणि तो जुना, खणखणीत आवाज ऐकून सुनेत्रानं पटकन पेन उचललं. “लिही. हरभऱ्याची डाळ चार वाट्या. उडदाची एक. तांदूळ अर्धी, गहू मूठभर. सगळं वेगवेगळं भाजायचं हं, करपवशील नाहीतर.”

“आई, प्रमाण नकोय त्यांना.”

“तुला हवंय ना?”

ती लिहीत राहिली. मेथी, सुंठ, मोहरी, धने, जिरे. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाली, “मी डबा रिकामा पाठवला होता.”

“रिकामा कुठला! काठाच्या वळीत चिकटलेलं होतं की थोडं. तुझं घासणं काय मला ठाऊक नाही?” मग आईनंच विचारलं, “झाकण आहे ना तुझ्याकडे?”

“आहे.”

“मग झालं तर.”

फॉर्म गेला. दुपारभर तिनं चारदा तपासलं, चारही वेळा तोच मजकूर – रोखून ठेवले आहे. सुटेल किंवा नाही सुटणार. तिनं पिना आणि रबर वाटीत ओतले, झाकण घासलं, काठाच्या वळीतून नखानं पुन्हा घासलं, आणि ओट्यावर पालथं घातलं. डबा आला तर तो परत न्यायचा होता, तिनं स्वतः, आणि त्यात काय भरावं याचे बेत मनात आत्तापासूनच सुरू झाले होते.