इस्पितळाच्या कोपऱ्यावर वळलेला मोर्चा

माझ्या बाबांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. असं ते स्वतःच सांगतात, आणि घरात त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. एकदा त्यांनी आम्हाला भलत्याच लग्नाला नेलं. आम्ही अनोळखी नवरा-नवरीसोबत फोटो काढले, पोटभर जेवलो, आणि परतताना आईला आठवलं की आपल्या भाचीचा नवरा एवढा उंच नाही. तरी बाबांचं म्हणणं एकच, "हॉल बरोबर होता. त्यांनीच लग्न दुसरीकडे ठेवलं."

बाबा बस चालवतात आणि मी बसमध्ये तिकिटं फाडते. दोघंही एकाच डेपोत, पण एका गाडीवर आम्हाला कुणी ठेवत नाही. मागे एकदा ठेवलं होतं, तेव्हा आमचं भांडण ऐकायला लोक उतरायचा थांबा सोडून पुढे यायला लागले. बाबांची गाडी बारा नंबरची. डेपोतून निघायचं, मोठ्या रस्त्याने इस्पितळाच्या कोपऱ्यापर्यंत यायचं, तिथे वळून इस्पितळावरून बाजाराकडे. माझ्या जन्माआधीपासून ते हेच करत आलेत.

आमच्या डेपोच्या मॅनेजरने दोन फेऱ्यांमधली विश्रांती काढून टाकली, तिथून सगळं सुरू झालं. एका ड्रायव्हरला स्टिअरिंगवरच डुलकी लागली आणि गाडी विजेच्या खांबाला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही, पण मॅनेजरने त्या ड्रायव्हरलाच घरी बसवलं. चोराच्या उलट्या बोंबा! मग आम्ही संघटना काढली. जो सभासद होईल त्याची ड्यूटी पहाटेची लागायची, तरी माणसं येत गेली. बाबा मात्र लांबच होते. "मोर्चे-बिर्चे रिकामटेकड्यांचे धंदे," म्हणायचे. पण घरी बसवलेला तो ड्रायव्हर बाबांच्या हाताखाली शिकलेला. एक दिवस बाबा त्याच्या घरी जाऊन आले, कुणाशी काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सभासद झाले.

मोर्चाला परवानगी मिळाली ती एका अटीवर. डेपोपासून मुख्य कचेरीपर्यंत मोठ्या रस्त्याने सरळ जायचं, कुठेही वळायचं नाही. आमचे अध्यक्ष म्हणजे डेपोतले मिस्त्री. अंगाला कायम ग्रीसचा वास, पण डोकं लख्ख. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "मॅनेजर आपण चुकायचीच वाट बघतोय. एक दगड नको, एक शिवी नको. सरळ जायचं, निवेदन द्यायचं, घरी यायचं." सगळ्यात जुने म्हणून बाबांना पुढे ठेवलं. त्यांच्याही पुढे पोलिसांचे एक हवालदार, रस्ता मोकळा करायला.

मोर्चा काय सुंदर निघाला होता! एक बाजू गाड्यांना मोकळी, सिग्नलला सगळे थांबायचे. मी चौथ्या-पाचव्या रांगेत घोषणा देत होते आणि माझा आवाज बसमध्ये कमावलेला आहे. आपण इतकी माणसं एका कामासाठी एकत्र चालतोय याचं मला भारी अप्रूप वाटत होतं.

इस्पितळाच्या कोपऱ्यावर बाबा वळले.

त्यांच्यामागे पहिली रांग वळली, मग दुसरी. ड्रायव्हर माणसं, पुढची गाडी वळली की मागची वळते. आणि माझं काय सांगू, मीही वळले. काहीतरी चुकतंय असं मनाला शिवलंसुद्धा नाही. उलट रस्ता अगदी ओळखीचा वाटला. इस्पितळाची भिंत लागली तशा घोषणा आपोआप थांबल्या, कारण तिथे हॉर्न वाजवायचा नाही हे आमच्या हाडात मुरलंय. इस्पितळासमोरच्या थांब्यावर पुढची रांग थांबली. बाकावर बसलेली एक म्हातारी पिशवी घेऊन उठली आणि मला म्हणाली, "पुढे जागा आहे का गं?"

मी "आहे, आत सरका" म्हणणार होते. तेवढ्यात मागून मिस्त्री धावत आले, डोक्याला हात लावून. "अरे, कुठे चाललात? कुठे चाललात?" तेव्हा कुठे माझ्या पायाखालची जमीन सरकली.

आम्ही माघारी फिरेपर्यंत पोलीस इन्स्पेक्टरची जीप आडवी आली. परवानगीची अट मोडली म्हणून बाबांना नेलं. संध्याकाळपर्यंत मॅनेजरने लेखी तक्रार ठोकली, की संघटनेने आधीच कट करून मोर्चा इस्पितळाकडे नेला, रुग्णवाहिकांचं फाटक अडवायला. वाचून माझं डोकंच फिरलं. ज्या माणसांनी तिथे खोकतानाही तोंडावर हात धरला, ती फाटक अडवणार!

आमच्या वकीलबाई तरुण आहेत, भराभरा बोलतात, पण उगीच धीर देत नाहीत. त्या म्हणाल्या, "सगळं एका शब्दावर अडलंय. मुद्दाम. अट मुद्दाम मोडली असं ठरलं, तर संघटनेची नोंदणी रद्द होईल. मग सभा नाही, मोर्चा नाही, मॅनेजरला जाब विचारायला कुणी नाही. चुकून मोडली असेल तर गोष्ट वेगळी."

"चुकूनच मोडली. सवयीने वळले ते," मी म्हणाले. "मीपण वळले."

"तुम्ही मुलगी आहात, तुमचं कोण धरणार? त्यांनी स्वतः सांगायला हवं. पण ते तोंडच उघडत नाहीत."

मी कपाळावर हात मारला. चूक झाली असं बाबांच्या तोंडून वदवून घ्यायचं! त्यापेक्षा इस्पितळच कोपऱ्यावरून हलवणं सोपं होतं.

चौकीत भेटायला गेले तर बाबा बाकावर ताठ बसलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. आईने दिलेला डबा त्यांनी बाजूला ठेवला.

"बाबा, तुम्ही सवयीने वळलात ना?"

त्यांनी गळ्याचं बटण पुन्हा चाचपून पाहिलं.

"इन्स्पेक्टर काय म्हणाले तुम्हाला?"

"म्हणाले, मिस्त्रींनी वळायला सांगितलं होतं एवढं बोला आणि घरी जा."

"मग?"

"मग काय? कुणाच्या नावाने खोटं बोलू? मी नाही बोललो."

तेव्हा मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रागवायचंच विसरले. पण ते फार टिकलं नाही. "खोटं बोलत नाही ते छान. पण खरं तरी बोला! मूग गिळून बसलात तर मॅनेजरचंच खरं ठरतंय."

"काय सांगू?" बाबांचा आवाज एकदम चढला. "एवढी वर्षं गाडी हाकली, एक ओरखडा नाही. आणि चारचौघांत सांगू, की मला सरळ रस्त्याने पायी चालता आलं नाही? आख्खी संघटना माझ्या मागे होती. लोक हसतील."

"हसू देत की! हसून कुणाची नोकरी जात नाही. संघटना गेली तर त्या पोराला पुन्हा गाडीवर कोण घेणार? तुम्ही संघटनेत आलात कशासाठी?"

बाबांनी डबा उघडला, परत बंद केला. "जा आता. उशीर होईल," म्हणाले. मी रडत बाहेर पडले, आणि रडू आल्याचाही मला राग आला.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात पाचाहून जास्त माणसांनी जमायचं नाही असा हुकूम होता. म्हणून आमची मंडळी आवारभर विखुरली होती. दोघं झाडाखाली, तिघं पायऱ्यांवर, एक जण पाण्याच्या नळाशी, एकमेकांना ओळखच नाही असा चेहरा करून. आता सगळ्यांच्या अंगावर डेपोचा गणवेश, त्यामुळे त्यांच्या अभिनयाचं मी काही बोलत नाही. पण त्यांना तसं बघून मनात आलं, संघटना गेली तर आपण कायमचे असेच, एकेकटे उभे राहणार.

आत मॅनेजरच्या वकिलांनी नकाशाच लावला. इस्पितळाच्या रस्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "शेकडो माणसं एकाच वेळी, कुणाला काही न विचारता वळतात. ठरवल्याशिवाय हे होईल?" मलाही क्षणभर पटलं. मग घोषणा बंद झाल्या तोही इशाराच होता म्हणाले. बोललं तर दंगा, गप्प बसलं तर कट. माणसाने करायचं तरी काय?

न्यायाधीशांनी बाबांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

बाबा उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या बाकावर घरी बसवलेला तो ड्रायव्हर होता, त्याच्याकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "माझं चुकलं."

मी बाकाची कड घट्ट धरली. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

"कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्रींनी तर दहादा बजावलं होतं, सरळ जा म्हणून. पण मी बारा नंबर चालवतो. त्या कोपऱ्यावर मी कधी सरळ गेलोच नाही. पाय वळले. मला कळलं ते थांब्यावर थांबल्यावर. थांबलो तेही सवयीनेच." ते जरा घुटमळले. "लाज वाटली म्हणून आधी बोललो नाही. शिक्षा द्यायची तर मला द्या. बाकीचे माझ्या भरवशावर मागे आले."

कुणीतरी खुदकन हसलं. बाबांचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही.

मॅनेजरचे वकील म्हणाले, "गोष्ट गोड आहे. पण एक माणूस चुकेल, सगळे कसे चुकतील?"

मग साक्षीला हवालदार आले, तेच मोर्चाच्या पुढे चालणारे. वकीलबाईंनी विचारलं, "मोर्चा वळला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"पुढे."

"मग थांबवलं का नाही?"

हवालदारांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं, मग बाबांकडे. टोपी या हातातून त्या हातात केली. बिचाऱ्याची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती.

"बाई, यांनी एवढं सगळ्यांसमोर कबूल केलं, आता मी काय लपवू," ते म्हणाले. "यांच्या आधी मीच वळलो. मी रोज बारा नंबरनेच कामावर येतो. बाजाराची चौकी त्याच रस्त्याला आहे ना."

अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले, शांत राहा म्हणाले, आणि पुन्हा स्वतःच हसले. इन्स्पेक्टर छताचा पंखा निरखत बसले. वकीलबाईंनी एवढंच दाखवून दिलं की इस्पितळाने कसलीही तक्रार केलेली नाही, आणि खाली बसल्या.

निकाल सांगताना मात्र न्यायाधीशांचा आवाज गंभीर होता. "चूक वेगळी आणि कट वेगळा. ही माणसं शांतपणे चालत होती, चुकलेल्या रस्त्यावरही शांतपणेच चालत होती. रस्ता चुकला म्हणून कुणाचा एकत्र येण्याचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क काढून घेता येणार नाही. संघटनेची नोंदणी कायम राहील. यांना समज देऊन सोडावं. मोर्चाला नव्याने परवानगी द्यावी. आणि आवारातला जमावबंदीचा हुकूम मागे घ्यावा, त्याची काही गरज दिसत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. शेजारी आई बसली होती, तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. उभे असलेले मिस्त्री तर मटकन बाकावर बसले, जणू कुणीतरी त्यांच्यातली हवा काढली होती.

बाहेर आलो तर मंडळी अजून आपापल्या जागी. निकाल त्यांच्यापर्यंत पोचला होता, पण जागचं हलावं की नाही हे कुणाला कळत नव्हतं. मिस्त्री पायरीवरून ओरडले, "या रे! चालतं आता!"

मग झाडाखालचे आले, नळाजवळचा आला, फाटकाबाहेर थांबलेले आले. बाबांभोवती ही एवढी गर्दी झाली. बाबांनी घसा साफ केला. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. चुकलं माझं," म्हणाले. एकदा जमलं म्हटल्यावर आता सरावच झाला होता!

"काका, तुम्ही वळलात, आम्हाला काय डोळे नव्हते?" एक कंडक्टर बाई म्हणाली.

"पुढच्या वेळी पुढे दुसरं कुणीतरी ठेवा," बाबा म्हणाले.

"छे छे," मिस्त्री म्हणाले. "पुढे तुम्हीच. फक्त शेजारी तुमची मुलगी चालेल. ती ओरडली की तुम्हाला ऐकू येईल."

सगळे हसले आणि बाबाही हसले. मग हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला फार, फार हलकं वाटत होतं.

तेवढ्यात इन्स्पेक्टर पायऱ्या उतरून आले. दोघं-तिघं सवयीने बाजूला सरकायला लागले. इन्स्पेक्टर गर्दीसमोर थांबले, आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "जरा वाट द्या."

आम्ही वाट दिली. ते गेले. वाट पुन्हा बुजली.

कामं होती सगळ्यांना. दुपारच्या फेऱ्या होत्या, मला घरी जाऊन आंघोळ करायची होती, आईला भूक लागली होती. पण कुणी निघेना. काही घोषणा नव्हती, निवेदन नव्हतं, बोलण्यासारखंही काही उरलं नव्हतं. तरी आम्ही तिथेच उभे राहिलो, सगळे एकत्र, उगीचच, कितीतरी वेळ.