क्वाएट आणि स्टिल

पावसच्या हायस्कुलात गुणवंतीबाई इंग्रजी शिकवत. १९८६ साली, शाळा सुटायच्या वेळेला, खाडीकाठची हिरा धावत त्यांच्याकडे आली. तिच्या नवऱ्याच्या, बाबल्याच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. रत्नागिरीच्या इस्पितळात नवे डॉक्टर आले होते, पण ते केरळचे. त्यांना मराठी येत नव्हतं. बाईंनी फोनवर विचारावं, असं तिचं म्हणणं.

पोस्टातून फोन लागला. बाईंनी सगळं सांगितलं. आता कसा आहे, असं डॉक्टरांनी विचारलं.

"आता शांत झालेत," हिरा म्हणाली.

"ही इज क्वाएट नाउ," बाईंनी सांगितलं. मग उद्या सकाळी आणलंत तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले.

बाई फोन ठेवणार, इतक्यात थांबल्या. आवाज न करणारा तो क्वाएट, न हलणारा तो स्टिल, हे त्या दरवर्षी नववीला समजावत. मराठीत दोघेही शांतच.

"हिरा, शांत म्हणजे कसा?"

"हलतच नायत. गुडघे पोटाशी घेतलेत. कूस बदला म्हटलं तर हात लावू देत नायत."

"डॉक्टर, नॉट जस्ट क्वाएट," बाई घाईने म्हणाल्या. "ही इज लाइंग व्हेरी स्टिल. इट हर्ट्‌स व्हेन ही मूव्ह्‌ज." हलला की दुखतं त्याला.

मग डॉक्टरांनी हुकूमच सोडला: पाणीसुद्धा देऊ नका, आत्ताच्या आत्ता आणा.

आंब्याच्या टेम्पोत गादी टाकून बाबल्याला नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. सकाळपर्यंत थांबला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

महिन्याभराने दोघं शाळेत आली. बाबल्या वाळला होता.

"बाई," तो म्हणाला. "तुमच्यामुळं मी हाय."

बाईंनी हिराकडे बोट दाखवलं. तिने नीट पाहिलं म्हणून मला सांगता आलं, म्हणाल्या. होड्यांवर आणि मुंबईला जाणाऱ्या या पोरांना असले बारीक फरक शिकवून काय उपयोग, असं त्यांना कितीदा वाटलं होतं. आणि आता बाबल्या समोर जिवंत उभा होता. त्यांनी मनातल्या मनात त्याचेच आभार मानले.

हिराने सुरमईची पाटी आणली होती. ती बाईंच्या घरी पोचवायला बाबल्या वाकला. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून बजावलंय, असं सांगत हिराने पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि ती पुढे चालू लागली.