सत्तावीस मिनिटं

"मंगळावर तुझं वजन फक्त तेवीस किलो!" काट्यावरचा आकडा बघून मी म्हटलं. "तिकडेच राहायला जा गं बाई, डायटिंगची कटकट तरी संपेल."

"आई, चुप ना. लोग ऐकतायत," अपर्णा हसत काट्यावरून उतरली.

शेहेचाळीस वर्षांची माझी लेक उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. ह्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हे नवं अंतराळ केंद्र दाखवायचं तिनंच ठरवलं. हे म्हणजे जयंतराव, माझे यजमान. नोकरी केली बँकेत, पण डोळे कायम पंचांगात. घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका ह्यांनी स्वतः मांडल्या, कुणा गुरुजींना हात लावू दिला नाही. सकाळी गाडीनं उज्जैनमधलं आमचं नानाखेडा सोडलं तेव्हापासून ह्यांचं तोंड बंद नव्हतं.

मला मात्र मंगळाच्या दालनात शिरावंसंच वाटत नव्हतं. त्या मेल्या मंगळानं माझ्या घराची माती केली होती. अपर्णा पंचवीसची असताना सुमीतचं स्थळ आलं. स्थळ कसलं, दोघांनी आधीच ठरवलेलं. मुलगा शांत, आई हौशी, सगळं मनासारखं. ह्यांनी पत्रिका उघडली, तर अपर्णाच्या सातव्या घरात मंगळ. मुलाला मंगळ नाही. सुमीतची आई म्हणाली, मंगलनाथाच्या देवळात भातपूजा करून मंगळ शांत करू आणि उडवून टाकू बार. हे ऐकतील तर शपथ! "त्या पोराच्या जिवावर बेतेल, चालेल तुला?" असं लेकीलाच विचारलं. ती घाबरली, स्वतःसाठी नाही, सुमीतसाठी. तिनंच त्याला नाही म्हणून सांगितलं आणि त्यानंतर कुणालाच हो म्हटलं नाही. मी तेव्हा गप्प बसले. गणित ह्यांचं, त्यात मला काय कळतंय?

दालनात भिंतीवर तीन घड्याळं होती. गाइड मुलगी सांगत होती की मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा. "और अपने यहाँ भी हर शहर का असली समय अलग होता है. आप उज्जैन से हैं ना, अंकल? उज्जैन का अपना समय हमारी घड़ी से सत्ताईस मिनट पीछे है."

ह्यांना राहवेना. "हमको मत सिखाओ, बेटा. बिटिया की कुंडली बनाई, तब सबसे पहले वही सत्ताईस मिनट घटाए थे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? भले भले पंडित हे विसरतात. भय्यासाहेबांनी जन्मवेळ चिठ्ठीवर लिहून ठेवली होती ना, त्यातून सत्तावीस वजा केली, मगच पुढे गेलो."

भय्यासाहेब म्हणजे माझे सासरे. अपर्णा घरीच जन्मली. हे बँकेच्या कामानं रतलामला होते, म्हणून वेळ त्यांनी टिपली.

मी ह्यांच्या दंडाला धरून थांबवलं.

"कोणत्या घड्याळातली वेळ?" मी विचारलं.

"कोणत्या म्हणजे? माजघरातल्या. रेडिओच्या वेळेवर लावलेल्या."

"माजघरातल्या नव्हे. भय्यासाहेबांच्या घड्याळातली. ते वेधशाळेतल्या सूर्यघड्याळाच्या सावलीवर लावायचे ते."

"ते तर बैठकीत असायचं."

"माझं दुखायला लागलं तेव्हा त्यांनी ते काढून माझ्या खोलीत लावलं. म्हणाले, नातवंडाची वेळ उज्जैनचीच हवी. चौदा तास त्याच्याकडे बघत मी कळा दिल्या, मला विचारा! आधीच सत्तावीस मिनिटं मागे होतं ते. तुम्ही पुन्हा वजा केलीत."

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? काय वजा करता, काय मिळवता, सांगितलंत कधी?"

हे बाकावर बसले. खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या मागे आकडे मांडायला लागले. लेकीची पत्रिका तोंडपाठ, पुस्तक लागलंच नाही. तरी दोनदा खोडावं लागलं.

"सहावं घर," ते म्हणाले. "शोभा, मंगळ सहाव्यात आहे. दोष नव्हताच गं."

वाटलं, ह्यांना गदागदा हलवावं. मग वाटलं, आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी. मान वर केली तर अपर्णा समोर उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं ह्यांच्या हातातलं तिकीट घेतलं आणि एकेक आकडा वाचला.

"पक्का ना, बाबा?"

"पक्का."

"म्हणजे सुमीतला काही झालं नसतं." तिचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं. "तो खाली नळापाशी उभा राहून विचारत होता, मेरी गलती क्या है. मी खिडकी लावून घेतली, आई."

मी तिचा हात धरायला गेले, तर "वॉशरूमला जाऊन येते" म्हणून निघून गेली. अर्ध्या तासानं आली ती चेहरा धुऊन. "चला. बाबांची गोळी राहिलीय," म्हणाली. बरोबर आणलेला डबा तसाच गाडीत परत गेला.

पार्किंगमध्ये तिनं ह्यांच्यासाठी दार उघडून धरलं. हे काही बसेनात. आमच्या माळव्यात हिंदी लोक लेकीच्या पाया पडतात. आपल्या मराठी घरांत तसं नाही. कुणी पडताना दिसलं की हे नाक मुरडायचे, "हे काय भलतंच!" म्हणायचे. आता दाराला धरून, एकेक गुडघा सांभाळत, ते खाली जायला लागले.

"काय पडलं, बाबा?" अपर्णानं विचारलं, आणि तीही शोधायला वाकली.

तेवढ्यात ह्यांचा हात तिच्या पावलांना लागला. ती सरळ उभी राहिली. तिनं पाय मागे घेतले नाहीत, आणि "असू दे, बाबा" असंही म्हणाली नाही.